मनावरचे वळ आणि आपली चळवळ

(परभणी येथील युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोलणं जसं झालं तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिलाय, 'मानसोपचार आणि माणसाचं बदलणं'. फळ्यावर तो लिहिला तेव्हा मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. हसा. पंधरा वर्षांपूर्वी मी तिथं बसलो असतो तर मीही हसलो असतो. म्हणालो असतो, मन ही भानगड पोट भरलेल्यांची. त्यांनी गार हवेच्या खोलीत कोचावर आडवं पडावं आणि तासाला हजार रुपये मोजून आपल्या लहानपणावर बोलावं. आपला रोग मनात नाही, गावात आहे. पाणवठ्यावर आहे, शेताच्या बांधावर आहे, ठाण्यात आहे, साहेबाच्या केबिनमध्ये आहे. आणि त्याला औषध एकच, लढा.

रोग बाहेर आहे आणि लढल्याशिवाय जाणार नाही, हे मी आजही म्हणतो. त्यातला एक शब्द मागं घेत नाही. पण 'मन ही भानगड पोट भरलेल्यांची' या वाक्याची किंमत मला माझ्या घरात मोजावी लागली. माझ्याआधी माझ्या बापानं मोजली. त्याबद्दल बोलायला मी उभा आहे.

आधी आपल्या परभणीचं बोलू.

१० डिसेंबर २०२४. रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, दगडफेक-जाळपोळ झाली, मग धरपकड. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळं बसलेला धक्का असं कारण आलं. दुसऱ्याच दिवशी विजय वाकोडे हृदयविकारानं गेले. सोमनाथच्या आईनं न्यायालयाची पायरी चढली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो आदेश टिकला.

ही झाली कागदावरची लढाई. ती वकील लढतील, आपण रस्त्यावर लढू. पण या शिबिरात दोन दिवस तुमच्याशी जेवताना-बसताना जे कानावर आलं ते कुठल्याच कागदावर नाही. एक पोरगा म्हणाला, 'दारावर थाप पडली की अजून छातीत धडधडतं.' एक मुलगी म्हणाली, 'भाऊ सांजच्याला बाहेर गेला की आई उंबऱ्यावरून हलत नाही.' स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक जण म्हणाला, 'पुस्तक उघडतो, एकच ओळ चार-चार वेळा वाचतो, आत काही जातच नाही. डोस्कं बधिर झालंय.' आणि तिघंही शेवटी एकच म्हणाले, 'पण हे काही विशेष नाही, भाऊ.'

हे विशेष आहे. अंगावरचे वळ डॉक्टर मोजतो, त्यांची लांबी-रुंदी लिहितो, ते न्यायालयात पुरावा होतात. मनावरचे वळ आपण स्वतःच मोजत नाही. 'काही नाही' म्हणून झाकतो.

हे होतं कसं, ते साध्या भाषेत ऐका. जिवावर बेतलं की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, कान टवकारतात. पळायला किंवा लढायला ते लागतंच. धोका टळला की घंटा थांबायला पाहिजे. पण मार मोठा असला, किंवा पुन्हापुन्हा बसत राहिला, तर घंटा अडकते. मग बाहेर दूधवाला आला तरी ती वाजते. झोप उडते, तोच प्रसंग डोळ्यासमोर येतो, त्या रस्त्यानं जाणं माणूस टाळतो, नाहीतर बारीकसारीक गोष्टीवर भडकतो. पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं आपोआप निवळतं, जवळ माणसं असली तर लवकर निवळतं. पण महिना उलटून गेला तरी घंटा वाजतच असेल तर ती दुखापत आहे. तिला उपचार आहेत. हात मोडला तर आपण प्लास्टर घालतो. 'मी क्रांतिकारक आहे, माझं हाड आपोआप जुळेल' असं कुणी म्हणत नाही.

आता माझ्या बापाकडं येतो.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत आपली घरं जाळली, माणसं मारली, बायाबापड्यांवर अत्याचार झाले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं. त्या लढ्याचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. आमचं घर त्या आगीत गेलं. बापानं त्याबद्दल जन्मात एक शब्द काढला नाही. रात्री मात्र तो ओरडत उठायचा. आई म्हणायची, 'निजा रे, काई नाई, सपान पडलंय त्येला.' मग तो प्यायला लागला. लोक म्हणाले, दारूनं वाया गेला. पुढाऱ्यांनी त्याच्याकडून घोषणा घेतल्या, चंदा घेतला, तुरुंगवास घेतला. 'तुला झोप लागते का?' एवढं कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मला त्याचा राग यायचा. मी शपथ घेतली, दारूला शिवणार नाही. शपथ पाळली.

पण बापाची फक्त बाटली टाळली. बाकीचं सगळं माझ्याकडं आलंच. दिवसा मी ऑफिसात, संध्याकाळी मीटिंगला. भाषण झकास करायचो. घरी आलो की भाकरीला उशीर झाला म्हणून ताट भिंतीवर. पोरीनं पुस्तक पाडलं म्हणून आरडाओरडा. बायकोवर हात उगारला. एकदा नाही. पोरगी पाच वर्षांची होती. माझ्या चपलेचा आवाज ऐकून ती कोठीच्या मागं जाऊन उभी राहायची. हे मला कळत नव्हतं असं नाही, कळत होतं. दर वेळी रात्री पश्चात्ताप, सकाळी माफी, चार दिवसांनी पुन्हा तेच. एका रात्री बायको म्हणाली, 'बाहेर तुम्ही पाटलाच्या विरोधात मोर्चे काढता. घरात तुम्हीच पाटील झालात.'

त्या वाक्यानं मला मानसोपचाराकडं ढकललं. मला बदलायचं होतं आणि एकट्याला जमत नव्हतं. इच्छा होती, शपथा होत्या, तरी हात थांबत नव्हता. इथं बसलेल्यांपैकी ज्यानं कधी दारू, गुटखा, राग, भीती सोडायचा प्रयत्न केलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

पहिला अनुभव वाईट. कुठल्या शहरात, कुणाकडं, ते सांगत नाही. मी ऑफिसातलं सांगितलं. माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवतात, साहेब मला आडनावानं नाही, 'कोट्यातले' म्हणून हाक मारतो. समोरचे गृहस्थ मान डोलवत म्हणाले, 'साहेब मुद्दाम करतात असं तुम्हाला वाटतं. विचार बदला, भावना आपोआप बदलेल.' म्हणजे ग्लास वेगळा नाही, माझा विचार वेगळा! मी उठलो. पैसे टेबलावर ठेवले आणि बाहेर आलो. वर्षभर पुन्हा तिकडं फिरकलो नाही. त्या वर्षात घरात काय काय झालं ते बोलवत नाही.

मग एका मित्रानं दुसरीकडं नेलं. तिथं एक बाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आपली जात सांगितली. म्हणाल्या, 'तुमच्या आयुष्यातल्या काही गोष्टी मला कळणार नाहीत. तिथं मला थांबवा, सांगा.' मी ग्लासची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांनी विचारलं, 'ग्लास कधीपासून वेगळा आहे?' एवढंच. मित्रांनो, त्या एका प्रश्नावर मी, भाषणं ठोकणारा माणूस, ढसाढसा रडलो. कारण ग्लास वेगळा आहे हे कुणीतरी पहिल्यांदा तपासाविना मान्य केलं होतं.

पुढं काय झालं? जादू नाही झाली. त्यांनी मला एक वही घालायला लावली. राग आला की लिहायचं. वेळ कोणती, आधी काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, अंगात काय झालं, मी काय केलं. महिनाभर लिहिलं. वही समोर ठेवली तेव्हा दिसलं की घरातलं जवळजवळ प्रत्येक भांडण ऑफिसात अपमान झालेल्या दिवशीचं होतं. आणि मनात येणारं वाक्यही एकच. 'ह्यांना माझी किंमत नाही.' साहेबानं हाक मारली, तेच वाक्य. भाकरीला उशीर झाला, तेच वाक्य. पोरीनं ऐकलं नाही, तेच वाक्य.

बाई म्हणाल्या, 'साहेबाबद्दल हे वाक्य खरं आहे. त्याचं काय करायचं ते ठरवू. पण बायकोबद्दल खरं आहे का? पाच वर्षांच्या पोरीबद्दल?' इथं त्या पहिल्या गृहस्थाचा आणि ह्या बाईंचा फरक लक्षात घ्या. मनात आलेला प्रत्येक विचार खोटा, असं चांगला मानसोपचार म्हणत नाही. तो विचार तपासायला शिकवतो. कुठं तो वस्तुस्थिती आहे आणि कुठं जुन्या माराचा प्रतिध्वनी आहे, हे निवडायला शिकवतो. अमेरिकेत अल्बर्ट एलिसनं १९५० च्या दशकात आणि आरन बेकनं १९६० च्या दशकात ही पद्धत रचली. पुढं तिच्यात खूप भर पडली. पण हत्यार कुणाच्या हातात आहे, त्यावर ते काय कापतं हे ठरतं.

आणि बाईंनी मला सूटही दिली नाही. मी म्हणालो, 'बाई, म्हणजे साहेबामुळंच मी घरी असा वागतो.' त्या म्हणाल्या, 'साहेब तुमच्या रागाचं कारण आहे. तुमच्या हाताचं कारण तुम्ही आहात.' हे वाक्य मला फार लागलं. आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपल्याला घरात अन्याय करायचा परवाना मिळत नाही. हे आपल्या चळवळीतल्या बापयांनी एकदा लिहून भिंतीला लावलं पाहिजे.

मग कामं ठरली. घरात शिरण्याआधी दहा मिनिटं बाहेर ओट्यावर बसायचं. मूठ वळायला लागली की उठून बाहेर पडायचं, आणि हे बायकोला आधी सांगून ठेवायचं. साहेबाबाबत काय करायचं हा निर्णय बाईंनी घेतला नाही. त्या एवढंच विचारत राहिल्या, 'तुम्हाला काय हवंय? त्यासाठी पहिलं पाऊल कोणतं?' मी युनियनमधल्या सहकाऱ्यांना घेऊन लेखी तक्रार केली. साहेबाची बदली झाली, शिक्षा नाही झाली. ग्लास मात्र सगळ्यांच्या बरोबर आला. घरात माझा हात थांबला. पोरीला कोठीमागून बाहेर यायला मात्र वर्ष लागलं. तिला माझ्यावर विश्वास ठेवायला मी भाग पाडू शकत नव्हतो.

आता तुमच्यातल्या हुशार मंडळींचा प्रश्न येणार, 'भाऊ, ही व्यवस्थेशी जुळवून घ्यायची गोळी नाही का? माणूस शांत झाला की लढेल कशाला?'

हा संशय चुकीचा नाही. त्याला इतिहास आहे. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं एक रोग शोधून काढला. गुलाम मालकाकडून पळून का जातात? तर म्हणे त्यांना 'ड्रेपेटोमेनिया' नावाचं वेड लागतं! गुलामी करणारा मालक शहाणा आणि पळणारा गुलाम वेडा. १९६८ मध्ये, काळ्यांची चळवळ भरात असताना, तिथल्याच दोन मानसोपचारतज्ज्ञांनी निषेध करणाऱ्या काळ्या माणसांच्या वेडावर निबंध लिहिला. तेव्हा डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी सांगत नाही.

पण त्याच शास्त्रात फ्रान्झ फॅनन पण झाला. मार्टिनिकचा काळा माणूस, मानसोपचाराचा डॉक्टर. १९५३ पासून फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जेरियात, ब्लिदाच्या इस्पितळात काम करत होता. छळ सोसलेले अल्जेरियन त्याच्याकडं यायचे आणि छळ करणारे पोलीसही यायचे. त्यांनाही झोप लागत नव्हती! फॅननच्या ध्यानात आलं की जी राजवट माणसाला रोज स्वतःच्याच देशात परका करते, ती चालू ठेवून इस्पितळात माणूस बरा करता येणार नाही. १९५६ साली त्यानं राजीनामा दिला आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरला. इथपर्यंतची गोष्ट आपण भाषणात सांगतो. पुढची सांगत नाही. त्यानं राजीनामा नोकरीचा दिला, डॉक्टरकीचा नाही. ट्यूनिसमध्ये जाऊन त्यानं रुग्णांनी दिवसा यावं, संध्याकाळी घरी जावं असा मानसोपचाराचा विभाग चालवला. लढाही केला आणि उपचारही केले, एकाच वेळी. तो वारला ६ डिसेंबर १९६१ ला. तारीख ध्यानात ठेवायला तुम्हाला कष्ट पडणार नाहीत.

अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं पण तेच. बंदूक घेतलेले त्यांचे फोटो आपण पाहिले. पण वस्त्यांमध्ये त्यांनी फुकट दवाखाने काढले होते, पोरांना सकाळी नाश्ता द्यायचे. १९७२ मध्ये आपण त्यांचं नाव घेतलं. दवाखाना घ्यायचा राहून गेला.

आणि बाबासाहेब? १९३६ च्या त्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात त्यांनी मांडलं की जात म्हणजे विटांची भिंत नव्हे, ती मनात बसलेली गोष्ट आहे. ते सवर्णांच्या मनाबद्दल होतं. पण रोज अपमान गिळणाऱ्याच्या मनातही तिचे तुकडे घुसतातच. कुणाला आडनाव सांगताना आवाज खाली जातो. कुणाला वर्गात उत्तर येत असून हात वर होत नाही. बाबासाहेबांनी आपल्या अंगावर आलेले प्रसंगही लिहून ठेवलेत. परदेशातून एवढं शिकून आल्यावर बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना हाकललं. कित्येक वर्षांनी ते लिहिताना, तो प्रसंग आठवला की रडू येतं हे सांगायची त्यांना लाज वाटली नाही. आणि आपले वाघ म्हणतात, मर्द रडत नाही! बुद्धाच्या धम्मात मन केंद्रस्थानी आहे, हे तर तुम्ही विहारात दर रविवारी ऐकता. ऐकून घरी जाता. मनाची साफसफाई करायला मात्र तयार नाही.

आता पैशाचं बोलू. 'हे परवडणार कुणाला?' रास्त प्रश्न. उपचाराच्या जागा शहरात, तज्ज्ञ मूठभर, फी अवाच्या सवा. पण हे काम फक्त मोठ्या पदवीवाल्यालाच जमतं असं नाही, हे शेजारच्या गोव्यातच सिद्ध झालंय. तिथं 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर प्रयोग केला. समुपदेशक कोण? तज्ज्ञ नव्हेत. शिक्षण देऊन तयार केलेली साधी, स्थानिक माणसं. सहा ते आठ भेटी. कामही साधं. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. माणसांत जाणं सोडतो, आंघोळ सोडतो, खेळ सोडतो. जितकं सोडतो तितका खोल जातो. म्हणून रोज एक छोटं काम ठरवायचं, ते केल्यावर कसं वाटलं ते नोंदवायचं, अडचण आली तर दोघांनी मिळून वाट काढायची. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी शंभरातले ६४ जण नैराश्याच्या रेषेखाली आले होते. ज्यांना ह्या भेटी मिळाल्या नाहीत त्यांच्यात ३९.

त्याच मंडळींनी घातक पिणाऱ्या पुरुषांवरही काम केलं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत शंभरातले ३६ सुधारले, बाकीच्यांत २६. फरक लहान आहे, मी फुगवून सांगणार नाही. पण त्या दहामध्ये कुणाचा तरी बाप असतो. अशा उपचारात पिणाऱ्याला 'तू वाईट आहेस' म्हणून झोडपत नाहीत. विचारतात, 'दारूनं तुला काय मिळतं? काय जातं? तुला कसं जगायचंय?' बदलायचं कारण त्याच्याच तोंडून येऊ देतात. बापाला आम्ही सगळ्यांनी कारणं दिली, शिव्या दिल्या, शपथा घातल्या. त्याचं कारण काय, ते त्याला बोलू दिलं नाही. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. तो काळ बापाच्या हयातीतला. आमच्या खेड्यापर्यंत तो पत्ता आलाच नाही.

म्हणून पत्ते सांगतो, लिहून घ्या. १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर. २०२२ मध्ये सुरू झाला. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाला असेल तर त्या क्षणी फिरवायचा. स्वतःसाठी पण, मित्रासाठी पण. दुसरं, सरकारी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. केसपेपर काढायचा आणि हक्कानं बसायचं. तिसरं, आशाताई. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांसाठी सरकारनं १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' काढला, त्यात आपली परभणी होती. गावात फिरून खचलेली माणसं हेरायची आणि दवाखान्यापर्यंत पोचवायची, अशी योजना. आमचा सवाल एवढाच आहे, की खचलेला माणूस सातबाऱ्यावरच असतो का? गंगाखेड-पालमकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याच्या मनाचं कोण बघणार?

'हक्कानं' म्हणालो, ते उगाच नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ नं परवडणारा, चांगला, जवळ मिळणारा मानसोपचार हा हक्क केलाय, आणि तो देताना जात, धर्म, लिंग, वर्ग, राजकीय मत ह्यांवरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही तिथं बोललेलं गुप्त ठेवायचं बंधन त्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न धरता तीव्र ताणाखाली असलेला माणूस धरायचं आणि त्याची काळजी घ्यायची, हे कलम ११५ सांगतं. आणि कार्टराइटच्या वंशजांसाठी कलम ३ आहे. समाजातली रूढ मूल्यं, राजकीय मतं, धर्मश्रद्धा मान्य नाहीत एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे बंडखोराला वेडा म्हणायची सोय कायद्यानं काढून घेतलीय. हा कायदा खिशात ठेवा. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा माहीत आहे, तसा हाही माहीत पाहिजे.

१७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला डॉ. पायल तडवी गेली. 'खचले, कमकुवत होते' असं म्हणणारे लोक तेव्हाही होते. ती दोघं कमकुवत नव्हती. त्यांना एकटं पाडणारी संस्था गुन्हेगार होती, म्हणून रोहितची आणि पायलची आई दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. समुपदेशन देऊन संस्थेचा गुन्हा झाकता येत नाही. होस्टेलवर जातीचा छळ चालू ठेवायचा आणि भिंतीवर 'ताण आहे? आमच्याशी बोला' असा कागद चिकटवायचा, हे ढोंग आपण फाडलंच पाहिजे. पण ढोंग फाडेपर्यंत आपली पोरं जिवंत राहिली पाहिजेत. हे दोन्ही आपल्यालाच करायचंय.

आमच्या आज्या जात्यावर मन मोकळं करायच्या. दळता दळता सासरचं, मालकाचं, भुकेचं सगळं ओवीत यायचं. मन हलकं व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी मार चुकायचा नाही. नुसतं मोकळं होणं पुरत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. आणि नुसता मोर्चाही पुरत नाही, हे मला माझ्या पोरीनं शिकवलं.

तेव्हा तुमच्यासमोर तीन कामं ठेवतो.

पहिलं. प्रत्येक शाखेच्या बैठकीत, ठराव-बिराव झाल्यावर, दहा मिनिटं एकमेकांना विचारायचं, झोप लागते का, जेवण जातं का, घरात कसं चाललंय. उत्तरावर हसायचं नाही, उपदेश द्यायचा नाही, आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. बाहेर नेणाऱ्याला बैठकीत घ्यायचं नाही.

दुसरं. समुपदेशकाकडं गेलात तर त्याला पारखून घ्या. 'जातीबद्दल बोललो तर चालेल का?' हे पहिल्या भेटीत विचारा. तो गडबडला, 'आता कुठं राहिलीय जात' म्हणाला, तर बिनदिक्कत दुसरा शोधा. पण एकावरून सगळ्यांना फुली मारू नका. मी मारली होती, माझं वर्ष गेलं.

तिसरं. तुमच्यापैकी चार जणांनी हे शास्त्र शिकावं. मानसशास्त्राला जा, समाजकार्याला जा, मनाचे डॉक्टर व्हा. आपल्याला वकील लागतात, तसे हेही लागतात. परभणीच्या पोरानं आपली रात्र सांगितली तर ती समजावून न घेता समजणारा माणूस पलीकडच्या खुर्चीवर पाहिजे.

शेवटचं. माझी पोरगी आता वीस वर्षांची आहे. परवा मी तिला या भाषणाचं सांगितलं. विचारलं, 'कोठीमागची गोष्ट सांगू का? चालेल तुला?' ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, 'सांगा. पण तुम्ही सुधारलात एवढंच सांगू नका. मी तिथं उभी होते, हे पण सांगा.'

म्हणून सांगितलं.

जयभीम.